सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही

शनिवार, ७ सप्टेंबर

आज सांगायचं ठरलं होतं. सांगितलं नाही.

हॉटेल बसस्टँडच्या मागचं. आमच्या गृहस्थांनीच निवडलं. "तिथं गर्दी असते. आई चारचौघांत आवाज चढवत नाही." सासूबाईंनी चार भिंतींत तरी कधी आवाज चढवलाय? पण भित्र्या माणसाला गर्दी लागते.

बसायला फोमचे बाक. फोम मधोमध खचलेला, त्यामुळे सासूबाई आणि मी दोन टोकांना बसलो तरी पाच मिनिटांत खांद्याला खांदा. टेबलावर काच, काचेखाली मेनू, आणि मेनूवर कुणाचं तरी जुनं सूप शिरून वाळलेलं. त्या सुपाचा आकार बदकासारखा होता. नवरा सोडून गेलाय हे सासूला सांगायला आलेली बाई बदक बघत बसली. हॉटेलांवर कॉलम लिहून लिहून अशी सवय लागते.

आमचं सूप आलं. गृहस्थांनी घसा खाकरला. "आई, एक बोलायचं होतं."

"आधी मीठ दे."

मीठ दिलं. मग मिरपूड हवी झाली. डबीची भोकं बुजलेली, म्हणून शेजारच्या टेबलावरची मागवली. ती येईपर्यंत गृहस्थांचं धैर्य सुपाबरोबरच निवून गेलं. मग त्यांनी टोपलीतले सगळे पाव खाल्ले. एकेक करून, मान खाली घालून, शिक्षा भोगल्यासारखे.

निघताना माझ्या कानाशी: "पुढच्या शनिवारी नक्की."

मग ते 'शेवटची बस' पकडायला गेले. बस म्हणजे आमच्या घरापासून तीन चौक. पांढरी इमारत, खाली दातांचा दवाखाना, वर दातवालीचं घर.


रविवार, ८ सप्टेंबर

काही वाटतंय का ते तपासलं. नाही. कपाट आवरलं.


मंगळवार, १० सप्टेंबर

नोंद करून ठेवते. उद्या वकिलाने विचारलं तर गडबड नको.

उन्हाळ्यात गृहस्थांची दाढ दुखायला लागली. एका दाढेला माणूस किती वेळा जाईल? हे जातच राहिले. मी विचारलं, "अरे, दाढ आहे की धरण बांधतायत?" तेव्हा कळलं. कळलं म्हणजे त्यांनी सांगितलं, जेवता जेवता, आणि पुढचा घासही घेतला. मला रडू आलं नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात ना, गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं काहीतरी झालं. ते अजून उतरलेलं नाही. उतरलं की दुखेल, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे मीच, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

सासूबाईंना सांगितलं की बदली झाली. शेजारच्या गावच्या ऑफिसात. शनिवारी संध्याकाळी येतो, जेवतो, जातो. घरी जेवण नको हे गृहस्थांचं म्हणणं. "घरी बसलो की आई मलाच बघत बसते. हॉटेलात निदान ताट बघेल."

वाटणी सरळ आहे. घर माझ्या नावावर. सासूबाई त्यांच्या. "आई माझी आहे, मी नेणार. तुला कशाला त्रास?" असं म्हणाले. मी म्हटलं, "बरोबर आहे."

बरोबरच आहे. त्यात चुकीचं काय?


बुधवार, ११ सप्टेंबर

गृहस्थ भर दुपारी हजर. म्हणे रजा काढून आलो, आईची कवळी नवीन करायची आहे. कुठे, ते विचारायची गरज नव्हती. "चांगली आहे डॉक्टर, घरच्यासारखं करते," असं माझ्या तोंडावर म्हणाले. धिटाई की मठ्ठपणा, ते मला लग्नानंतर कधीच ठरवता आलेलं नाही.

मी मूग गिळून बसले. बिचाऱ्या सासूबाई! तोंड उघडून कुणाच्या स्वाधीन करतायत, याचा पत्ता नाही.

संध्याकाळी परत आल्या. विचारलं, "कशी आहे डॉक्टर?"

"हात हलका आहे."

जेवायला बसल्या नाहीत. "दात दुखतायत," म्हणाल्या. त्यांना एकही दात नाही.


शनिवार, १४ सप्टेंबर

आज बागेतलं हॉटेल. बाग म्हणजे हिरवी प्लास्टिकची सतरंजी आणि कुंड्यांत सिगारेटची थोटकं. खुर्च्यांचे पाय सतरंजीत अडकतात, त्यामुळे एकदा बसलं की उठायला दोन माणसं लागतात. गृहस्थांना हे आवडलं असावं. बातमी ऐकून कोणी उठून जाऊ शकणार नाही.

पहिल्यांदा घसा खाकरला तेव्हा पलीकडच्या टेबलावर वाढदिवस सुरू झाला. सगळे वेटर हातातलं टाकून टाळ्या वाजवायला. टाळ्या संपेपर्यंत थांबलो. दुसऱ्यांदा खाकरला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझी कवळी कुठाय?"

जुनी कवळी टोचते म्हणून त्यांनी ती काढून कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली होती. ताट वेटर घेऊन गेला. मग काय! मी, गृहस्थ, वेटर आणि खुद्द मॅनेजर स्वयंपाकघराच्या मागे, उष्ट्याच्या पिंपावर वाकून उभे. मॅनेजरने मला ओळखलं. मागे मी त्यांच्या नूडल्सबद्दल लिहिलं होतं की यांनी बूट बांधता येतील. तरीही कोपरापर्यंत हात घातला बिचाऱ्याने. गृहस्थ एकेक रुमाल उलगडून बघत होते. घटस्फोटाची बातमी द्यायला आलेला माणूस दुसऱ्यांच्या उष्ट्या हाडकांचा हिशेब लावत होता.

कवळी सासूबाईंच्या पर्समध्येच निघाली. "अगं, मीच ठेवली की."

मी हसले. आवाजही आला. गृहस्थ म्हणाले, "तुला हसू कसं येतं?" खरंच, कसं आलं कुणास ठाऊक.


सोमवार, १६ सप्टेंबर

पुरवणीवाल्याचा फोन. "बाई, तुमचा मागचा कॉलम वाचून हॉटेलवाला रडत होता फोनवर."

"उत्तम."

"नाही, पण या वेळी जरा कौतुकाचं लिहा ना. लोक म्हणतात, या बाई जेवायला जातात की भांडायला?"

एक जागाही सुचवली. नवरा-बायकोचं छोटं हॉटेल आहे, सूप आणि कस्टर्ड नावाजलेलं. पत्ता ऐकला. पांढऱ्या इमारतीच्या बरोबर समोर.

"त्या भागात माझं जाणं होत नाही," म्हटलं.

"मग या वेळी होऊ द्या."

लोकांना वाटतं कॉलमवाल्या बाईची जीभ तिखट. निम्मे टोमणे सासूबाईंचे असतात. कॉलमसाठी जाते तेव्हा त्या बरोबर येतात. दोघी असलो की चार पदार्थ मागवता येतात, आणि एकट्या बाईला वेटर खांबामागचं टेबल देतात. मी चव घेऊन विशेषणं शोधत बसते. त्या एक घास खातात आणि म्हणतात, "हा मासा कशाने मेला ते विचार बरं." किंवा, "कोंबडी म्हातारी होती, पण स्वभावाने चांगली असावी." मी घरी येऊन लिहून काढते. नाव माझं, मानधन माझं. त्यांना फक्त पुरवणी वाचून दाखवायची, आणि त्या म्हणणार, "बरं लिहितेस गं तू."

त्या तिकडे गेल्या की कॉलम बंद करावा लागेल. हे मी फक्त कामाच्या दृष्टीने लिहितेय.


बुधवार, १८ सप्टेंबर

पुन्हा कवळीचं माप. गृहस्थ नेऊन आणतात, अगदी श्रावणबाळ. सासूबाई परत आल्या तेव्हा बाहीवर पिवळा डाग.

"औषधाचं आहे," म्हणाल्या.

व्हॅनिलाचा वास येणारं औषध. दातवाली गिऱ्हाइकांचे फारच लाड करते वाटतं.

रात्री पुन्हा भूक नाही.


शनिवार, २१ सप्टेंबर

आजचं हॉटेल स्वतः उठून आणायचं. काउंटरवरचा माणूस भोंग्यातून नंबर पुकारतो, आणि तो अशा आवाजात की आपल्याला अटक झाल्यासारखं वाटावं.

सासूबाई नळाशी हात धुवायला गेल्या होत्या तेव्हा गृहस्थांनी सांगितलं, खोली तयार झाली. भिंतींना रंगही दिला. "फिकट पिवळा. आईला आवडतो." दातवालीने बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली आहे. पलंग खिडकीशी. मी म्हटलं, "छान." खरोखरच छान आहे. आमच्या बाथरूममध्ये दांडी नाही. तिथे माझा हात धरतात.

सासूबाई येऊन बसल्या. घसा खाकरला गेला. भोंगा वाजला. आमचाच नंबर. आम्ही दोघं उठायच्या आत सासूबाई उठल्या! गुडघे धरून, टेबलांच्या मधून, ट्रे आणायला. अख्खं हॉटेल आमच्याकडे बघायला लागलं, की धडधाकट मुलगा-सून बसलेत आणि म्हातारी ट्रे उचलते. गृहस्थ धावले. अर्धं सूप ट्रेमध्ये, उरलेलं त्यांच्या शर्टावर. विषय संपला.

घरी आल्यावर विचारलं, "आई, तुम्हाला रंग कुठला आवडतो?"

"का गं?"

"सहज."

"हिरवा. इतकी वर्षं झाली, तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. तुमच्या मुलाला..." पुढचं गिळलं.

त्यांनीही विचारलं नाही.


मंगळवार, २४ सप्टेंबर

हे नीट लिहायला हवं. अक्षर बरं येतंय.

पुरवणीवाल्याने पुन्हा फोन केला म्हणून आज दुपारी ते सूपवालं हॉटेल उरकायचं ठरवलं. दुपारी दातवाली दवाखान्यात असणार, गृहस्थ ऑफिसात. सासूबाईंना म्हटलं, "चला."

त्या म्हणाल्या, "तिथं नको. पायऱ्या फार आहेत."

मी म्हटलं, पायऱ्या असतील तर हात धरीन. टॅक्सीत बसल्यावर डोक्यात आलं, यांना पायऱ्या कशा माहीत? मग वाटलं, समोर दवाखाना आहे, दिसल्या असतील. कपाच्या कानाला पडलेली चीर मला तीन टेबलांवरून दिसते. ही गोष्ट दिसली नाही.

पायऱ्या चार होत्या. आत सहा-सात टेबलं, स्वच्छ मेणकापड, काउंटरवर मालकीणबाई. आम्हाला बघून बाई उठून पुढेच आल्या.

"अगंबाई, आजी! आज मंगळवारी कशा?"

मालकीणबाईंनी खिडकीजवळची खुर्ची ओढली, तिच्यावर आतून आणून उशी ठेवली. न सांगता. सासूबाई त्या उशीवर बसल्या. न बघता.

"आज सूनबाई नाही आल्या? की दवाखान्यात गर्दी?" आणि मग माझ्याकडे वळून, "फार करतात हो सूनबाई आजींचं. सूप स्वतः फुंकून देतात. दोन बुधवार झाले, मुलगा, सून आणि आजी. कस्टर्ड संपेपर्यंत कोणी हलत नाही. तुम्ही कोण? मुलगी का?"

सासूबाईंनी मेनूकार्ड उचललं. हॉटेलात एकच मेनू आणि तो भिंतीवर लिहिलेला, हातातलं कार्ड नुसतं चहा-कॉफीचं. त्यात त्यांनी बराच वेळ वाचलं.

"हो," म्हणाल्या. "मुलगी."

एका वाक्यात मला सुनेच्या जागेवरून काढलं आणि मुलीच्या जागेवर घेतलं. ना आगाऊ नोटीस, ना अर्ज.

आम्ही सूप प्यायलो. कस्टर्ड खाल्लं. मी चव घेत होते, रीतसर. गोडी बेताची, वर दुधाची साय नाही, वाटी गार. सासूबाईंनी आज एकही टोमणा दिला नाही. मालकीणबाई दर पाच मिनिटांनी येऊन विचारत होत्या, "मुलीला आवडलं का?"

मी म्हटलं, "फार छान."

घरी आल्यावर त्या त्यांच्या खोलीत, मी माझ्या.

म्हणजे मी एकटीच. दर शनिवारी मी त्यांच्यासाठी नाटक करत होते, आणि बुधवारी ते तिघं मिळून कस्टर्ड खात होते. सून! फुंकून सूप! आणि मी इथे मूग गिळून, बिचाऱ्या सासूबाई, बिचाऱ्या सासूबाई.

पाचपैकी पाच द्यावेत त्या हॉटेलला. सेवा उत्तम.


बुधवार, २५ सप्टेंबर

नवी कवळी बसली. सासूबाईंचा चेहरा भरल्यासारखा दिसतो. "बघ, कशी वाटते?" मी म्हटलं, "बरी आहे," आणि वर्तमानपत्र पुढे धरलं.

त्या जेवणाच्या टेबलाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग गेल्या.


गुरुवार, २६ सप्टेंबर

गृहस्थांना फोन केला.

"आईंना सांगितलंस ना तू? सांगायचं होतं तर मला कळवायचंस. मी कशाला शनिवारी सोंग आणत बसू?"

"मी? काहीच नाही सांगितलं! शपथेवर. तू सांगितलंस?"

"बुधवारी तिघं जेवता."

"कवळीमुळे तिला मऊच खावं लागतं. समोरच आहे ते हॉटेल. डॉक्टर म्हणून येते ती बरोबर. आईला तेवढंच माहीत आहे. खरंच. तिने कधी काही विचारलंही नाही."

"मालकीणबाई तिला सून म्हणतात."

"त्यांचा गैरसमज आहे. आम्ही चारचौघांत कुठे खोडत बसणार? आईला वाटलं असेल की आपण भिडेखातर गप्प बसलो."

खोटं बोलत नव्हते. त्यांना खोटं सलग बोलता येत नाही, मधे श्वास लागतो. म्हणजे हे खरंच असं समजून आहेत की आपल्या आईला कळलेलं नाही. स्वतःच्या बापाचा मुलगा शोभतो, असं सासूबाई एरवी म्हणाल्या असत्या.

"परवा सांगतोच," म्हणाले. "आता काहीही होवो. रविवारी टेम्पो सांगितलाय तिच्या सामानाला."

"बरं," म्हटलं.

म्हणजे सासूबाईंना कुणीही सांगितलेलं नाही. आणि तरीही खिडकीतल्या उशीवर बसून त्या दर बुधवारी दुसऱ्या सुनेच्या हातचं सूप पितात, आणि 'सून' शब्द कानावर पडला की मेनूकार्ड वाचतात. आवडत असेल. दांडी असलेलं बाथरूम कुणाला नको?


शुक्रवार, २७ सप्टेंबर

माळ्यावरून सासूबाईंची मोठी बॅग काढली. धूळ पुसली. चेन अडकत होती, तिला मेण लावलं. नेऊन त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवली. बोलले काहीच नाही. जायचंच आहे तर नीट जावं. मला एखादं काम शांतपणे करता येतं, त्याचं मला बरंच वाटलं.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"बॅग काढलीस?"

"हो."

"कुठे निघालीस?"

मी भांडी घासत होते. पाणी तसंच वाहू दिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. वेड पांघरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एरवी थोडं हसू असतं, यांच्या नव्हतं. घाबरल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही.

"मी कुठे जाणार?" म्हटलं.

"मग ती वर ठेव. पाय अडखळतो माझा."

वर ठेवली. का ठेवली ते माहीत नाही.


शनिवार, २८ सप्टेंबर

कोपऱ्यावरचं भाजलेल्या कोंबडीचं हॉटेल. गृहस्थ हात धुवायला गेले. सासूबाई समोर बघत, ओठ फारसे न हलवता म्हणाल्या:

"मला पहिल्याच बुधवारी कळलं. मी काय आंधळी आहे? बाई चांगली आहे, तिच्यात खोट नाही. पण मला कळलंय असं झालं की मला तिकडे जावं लागेल. पोटचा मुलगा न्यायला आला तर नाही कुठल्या तोंडाने म्हणू? म्हणून मला माहीत नाही. कळलं तुला? मला काहीही माहीत नाही."

गृहस्थ आले. बसले. रुमालाने बोटं एकेक करून पुसली. घसा खाकरला.

"आई, आज मला बोलायचंच आहे."

मी पाण्याचा जग उचलला आणि त्यांच्या मांडीवर ओतला. भरलेला होता.